स्लातिनाची वाट

अवधूत सकाळी सव्वाआठला सायकल काढायचा आणि त्याची पाठ वळणाआड गेली की अरुणाचा दिवस सुरू व्हायचा. म्हणजे संपायचा म्हटलं तरी चालेल, कारण त्यानंतर त्यात काही घडायचं नाही. कचऱ्याची पिशवी खाली नेऊन ठेवायची, जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा. कपडे वाळत घालायचे. मग खिडकीत बसायचं. खिडकीतून एक रस्ता दिसे, इतका रुंद आणि इतका सरळ की त्यावर पायी जाणारं माणूस दिसलंच तर ते चुकून आल्यासारखं वाटावं.

त्सुकुबाला येऊन तिला अकरा महिने झाले होते. हे १९९४ सालचं. भाताची खाचरं आणि पाइनची रानं मोजून-आखून त्यावर संशोधन संस्था मांडल्या होत्या, आणि संस्थांच्या मधल्या जागेत माणसांना राहायला चार-चार मजली इमारती. तोक्योला जायचं तर बसनं तास-दीड तास. तिचा नवरा अवधूत धातुशास्त्रज्ञ होता, त्याला इथे तीन वर्षांचं काम मिळालं होतं, आणि अरुणानं पुण्यातली नोकरी सोडली होती.

ती नोकरी तिला फार प्रिय होती. सरकारी नकाशा कचेरीत ती नऊ वर्षं ड्राफ्ट्समन होती. हुद्द्याचं नाव तेच, बाई असली तरी. फिल्डवरून कागद यायचे, धुळीचे, कधी घामाचे डाग पडलेले, आणि ती त्यावरून ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर शाईनं स्वच्छ नकाशा उतरवायची. ओढे, बांध, पायवाटा, देवळं, विहिरी. हजारो गावं तिच्या हाताखालून गेली असतील. त्यातल्या एकाही गावाला ती गेली नव्हती. फिल्डला पुरुष जायचे.

मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र ती घराबाहेर पडे. कोमिनकानमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या समाजमंदिरासारख्या जागेत, ओताके-सेन्सेई नावाच्या निवृत्त शिक्षिका परदेशी बायकांना फुकट जपानी शिकवायच्या. वर्गात सातजणी होत्या. त्यात अठ्ठेचाळीस वर्षांची एक रुमानियन बाई होती, इलियाना. अंगानं दणकट, डोक्याला रुमाल, आवाज असा की पहिल्या दिवशी अरुणाला वाटलं ही रागावली आहे. ती बुखारेस्टला प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचा नवरा मिर्चा भूकंपात इमारती कशा तग धरतील याचा अभ्यास करायला दीड वर्षासाठी आला होता.

नोव्हेंबरात सेन्सेईंनी सगळ्यांना काम दिलं. मार्चमध्ये कोमिनकानचा सांस्कृतिक मेळावा, त्यासाठी प्रत्येकीनं मोठ्या कागदावर ‘माझं गाव’ मांडायचं. आधी फळ्यापाशी येऊन थोडं सांगायचं. इलियाना उठली, तिनं खडूनं एक गोल काढला. जरा विचार करून तो पुसला आणि पाच गोल काढले.

“गाव एक आहे की पाच?” सेन्सेईंनी विचारलं.

“एक. पाच. एक,” इलियाना म्हणाली. पुढचं तिला सांगता येईना. ती तशीच खडू हातात घेऊन उभी राहिली, आणि मग जाऊन जागेवर बसली.

वर्ग सुटल्यावर सायकलींच्या स्टँडपाशी अरुणानं तिला गाठलं. “मला कळलं तुमचं,” ती इंग्रजीत म्हणाली. “पाच गावं, पण कारभार एक. सरपंच एक.”

“कोमुना!” इलियाना ओरडलीच. “लुंका कोमुना. तुला कसं माहीत?”

“आमच्याकडे त्याला ग्रुप ग्रामपंचायत म्हणतात.”

इलियाना हसायला लागली. अकरा महिन्यांत आपण सांगितलेल्या गोष्टीवर कुणी असं पोटातून हसलेलं अरुणानं पाहिलं नव्हतं. दोघी सायकली हातात धरून चालतच निघाल्या. त्यांची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि त्याला जपानीची ठिगळं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण मनातल्या मनात अरुणा तिला तुम्हीच म्हणायची, आणि इलियाना आपल्याला तूच म्हणते आहे, हेही तिला न सांगता कळे.

“नकाशा मागवा ना तिकडून,” अरुणा म्हणाली.

“नकाशे लष्कराच्या कपाटात असायचे. मी माझ्या गावाचा नकाशा जन्मात पाहिलेला नाही.”

अरुणाला यात नवल वाटलं नाही. तिच्या कचेरीतही सीमेजवळचे कागद कुलपात असत. ती चालता चालता थांबली आणि म्हणाली, “तुम्ही सांगा. मी काढते.”

असं ते काम सुरू झालं. आठवड्यातून दोन दुपारी इलियाना तिच्याकडे यायची. अरुणानं तोक्योहून ट्रेसिंगचा रोल आणि दोन पेनं आणवली. जेवणाच्या टेबलावर कागद पसरला, आणि पहिल्याच दिवशी तिच्या ध्यानात आलं की इलियानाला किलोमीटर ठाऊक नाहीत. तिला वेळ ठाऊक होता, आवाज ठाऊक होते आणि सावल्या ठाऊक होत्या.

“लुंका नदीकाठी. सपाट. वसंतात पाणी चढतं आणि गाळ टाकून जातं.”

“म्हणजे मळई.”

“मालाई,” इलियानानं ऐकून म्हटलं. “हं. तिथे पंचायत, पोस्ट, मोठी शाळा. तिथून चढ. वर द्यालू पोपी.”

“त्याचा अर्थ?”

“पाद्र्याची टेकडी.”

अरुणानं कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘भटाची टेकडी’ असं लिहून ठेवलं आणि तिला हसू आलं. इझ्वोरू म्हणजे झरा, तिथे इलियानाचं घर. म्वारा म्हणजे गिरणी, पाण्यावर चालणारी. आणि सगळ्यांत लहान स्लातिना, बावीस घरांचं, खाऱ्या झऱ्यापाशी. झऱ्यातून निघणाऱ्या ओढ्याच्या काठांवर मिठाची पांढरी कड धरते आणि तिथे गवताचं पातं उगवत नाही, असं इलियाना म्हणाली.

मग प्रश्न. लुंकाची घंटा म्वाराला ऐकू येते का? वारा पूर्वेचा असला तरच. बरं, म्वाराला थंडीत ऊन किती वाजता जातं? तीनला, टेकडीमागे. टेकडीच्या कुठल्या टोकामागे? जिथे एकटा अक्रोड आहे त्याच्या डाव्या हाताला. आणि तोच अक्रोड इझ्वोरूहून कुठल्या हाताला दिसतो? इलियाना डोळे मिटून घ्यायची, खुर्चीत बसल्या बसल्या अंग वळवायची, जणू अंगणात उभी आहे, आणि हात लांब करून दाखवायची. अरुणा त्या हाताच्या दिशेनं पट्टी लावायची. अशा आडव्यातिडव्या रेघा जिथे एकमेकींना कापत तिथे ती गाव मांडायची. आलुबुखाराच्या बागा आल्या, खांबाभोवती रचलेल्या गवताच्या गंजी आल्या, दर वसंतात घसरणारा मातीचा उतार आला, करकोच्याचं घरटं असलेला विजेचा खांबही आला. फिल्डवर जाणं म्हणजे असंच असणार, असं अरुणाला वाटे. संध्याकाळी इलियाना गेली की ती कागद गुंडाळायची नाही. तसाच टेबलावर राहू द्यायची आणि जेवणाची ताटं जमिनीवर मांडायची. अवधूत काही विचारायचा नाही. तो दमून आलेला असे.

जानेवारीत कोबेचा भूकंप झाला. दूरदर्शनवर दिवसभर पडलेल्या इमारती आणि खांबांसकट आडवा झालेला उंच रस्ता दिसत राहिला. मिर्चाला त्याच्या तुकडीबरोबर तिकडे पाठवलं, आणि इलियाना एकटी पडली. मग ती रोजच येऊ लागली. बाहेर त्सुकुबाच्या डोंगरावरून कोरडा, कापणारा वारा सुटलेला असे. अरुणा रॉकेलचा स्टोव्ह टेबलाशी ओढायची, आल्याचा चहा करायची, आणि दोघी पाच वाजेपर्यंत रुमानियात असायच्या.

फेब्रुवारीच्या मध्याला फक्त स्लातिना राहिलं.

“इझ्वोरूहून स्लातिना?”

“दोन तास.”

अरुणानं टिपण पाहिलं. इझ्वोरूहून म्वारा पंचवीस मिनिटं, आणि म्वाराहून स्लातिना अर्धा तास, दळण घेऊन बापाबरोबर इलियाना कितीदा गेलेली. म्हणजे वळसा घालून, म्वारावरून गेलं तरी तासाच्या आत स्लातिना. मग सरळ वाटेला दोन तास कसे?

“चढ आहे का मध्ये?”

“थोडा.”

“दरी? नदी?”

“नाही.”

“मग या रेघांवरून चाळीस मिनिटांच्या वर लागणार नाहीत. तुमची काहीतरी चूक होतेय.”

“दोन तास,” इलियाना म्हणाली.

“अहो, त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्याच असतात. सातवीतल्या पोराला माहीत आहे हे. हे बघा…” अरुणानं पट्टी लावली. नऊ वर्षं ती हेच करत आली होती. रेघ जुळली नाही की फिल्डवाल्यांना कागद परत पाठवायची.

इलियानाचा चेहरा लाल झाला. “सहा वर्षं मी दर शनिवारी त्या वाटेनं गेले. तू मला शिकवतेस? तू पाहिलीस ती वाट? तू काही पाहिलं आहेस?”

तिनं कोट घेतला आणि ती गेली. जिन्यात तिच्या बुटांचा आवाज चारही मजले ऐकू आला.

शुक्रवारी ती वर्गाला आली नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. अरुणा दोनदा तिच्या इमारतीपर्यंत जाऊन परत फिरली. आपण बरोबर होतो यात तिला शंका नव्हती, आणि त्यानंच जास्त वाईट वाटत होतं. त्या नऊ दिवसांत ती दुकानातल्या मुलीला ‘पिशवी नको’ एवढंच काय ते बोलली. एकदा दुपारी तिनं पुण्याला आईला फोन लावला, फोनच्या कार्डावरचे आकडे भराभरा उतरत होते, आणि आई विचारत होती, “बरी आहेस ना?” ती “हो” म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दहाव्या दिवशी कचरा टाकायला ती खाली उतरली तर कचऱ्याच्या जाळीपाशी इलियाना उभी. डोक्याला रुमाल, नाक वाऱ्यानं लाल. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“वर येऊ?” तिनं विचारलं.

वर आल्यावर ती टेबलाशी बसली नाही. स्टोव्हपुढे जमिनीवरच बसली आणि हात शेकत बोलू लागली.

“मला एक भाऊ आहे. पेत्रू. माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, उजवा पाय गेला. स्लातिनाला आमची आजी होती. खाऱ्या पाण्यात पाय बुडवून ठेवला तर बळ येतं असं सगळे म्हणायचे. आई-बाबा सामुदायिक शेतावर कामाला. मग मी न्यायची. मी नऊ वर्षांची, तो पाच. सपाटीवर तो काठी घेऊन चालायचा, चढाला मी पाठीवर घ्यायची. दोन तास लागायचे.”

अरुणाही तिच्याशेजारी खाली बसली.

“तू म्हणालीस चाळीस मिनिटं. घरी जाऊन मी विचार केला. बरोबर असणार. पण मला माहीत नाही गं. एकटी मी त्या वाटेनं कधी गेलेच नाही.”

स्टोव्हवर किटली वाजायला लागली होती. अरुणानं उठून ती उतरवली.

“मग?”

“मग पंधराव्या वर्षी मी शहरात शिकायला गेले. त्यानंतर त्याला कुणी नेलं नाही. त्या पाण्यानं पाय सुधारला नसताच, पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण त्याला वाटायचं, सुधारला असता. आई गेल्यावर त्यानं पत्र लिहिलं, मी तुझ्याकडे येऊन राहू का? आमचं घर दोन खोल्यांचं, पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी लिहिलं, पुढच्या वर्षी बघू. नऊ वर्षं झाली. त्यानंतर मी लिहिलं नाही, त्यानंही नाही.”

मग अरुणानं कागद टेबलावरून खाली घेतला आणि जमिनीवर पसरला.

“स्लातिना जिथे आहे तिथेच मी काढणार,” ती म्हणाली. “चाळीस मिनिटांवर. नकाशात ते बदलता येत नाही. पण मला एक सांगा. दोन तासांत तुम्ही बसत कुठे होतात?”

इलियानानं डोळे मिटले. कुंपणाचा मोडका खांब. वीज पडलेला अक्रोड. सपाट दगड, तिथे भाकर खायची. मेंढ्यांचा वाडा. क्रूस. ओढ्यावरची फळी. आणि शेवटी टेकाड, जिथून आजीचं धुराडं दिसायचं. सात जागा. अरुणानं इझ्वोरू ते स्लातिना पायवाटेची तुटक रेघ ओढली आणि त्या रेघेवर सात बारीक ठिपके दिले. असलं चिन्ह कुठल्याच तक्त्यात नव्हतं. नाव काय द्यायचं ते तिला सुचलं नाही, म्हणून तळाच्या खुणांच्या यादीत तिनं ठिपक्यापुढे लिहिलं, ‘बसण्याची जागा’, आणि इलियानानं खाली तेच रुमानियनमध्ये लिहिलं.

मूळ ट्रेसिंग अरुणानं स्वतःकडे ठेवलं आणि त्यावरून दोन प्रती उतरवल्या. ठिपक्यांशिवायची कोमिनकानच्या भिंतीवर लागली, गायनमंडळाच्या फोटोंच्या आणि कागदी बाहुल्यांच्या मध्ये. लोक येत, वाकून बघत, ‘सुंदर’ म्हणून पुढे जात. ओताके-सेन्सेई मात्र चष्मा वर करून पुष्कळ वेळ अक्षरं न्याहाळत राहिल्या आणि म्हणाल्या, “अरुणा-सान, हे हातानं काढलंय?” ठिपक्यांची प्रत पुठ्ठ्याच्या नळीत घालून इलियानानं पेत्रूच्या नावानं पोस्टात टाकली. बरोबर चिठ्ठी लिहिली नाही. तीन वेळा लिहायला बसले, म्हणाली, जमलं नाही.

उत्तर आलं नाही. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये मिर्चाची मुदत संपली. अरुणा त्यांना विमानतळाच्या बसपर्यंत पोचवायला गेली. इलियानानं तिला इतकं घट्ट धरलं की श्वास अडकला, मग बस गेली, आणि परत येताना त्या रुंद रस्त्यावर अरुणा एकटीच पायी चालत होती.

त्यानंतरचा उन्हाळा तिला नीटसा आठवत नाही. शरद लागताना सेन्सेईंनी निरोप पाठवला. त्यांच्या पुतण्याची त्सुचिउराला लहानशी मोजणी कचेरी होती, हातानं नकाशे दुरुस्त करायला माणूस हवा होता. काम नळांच्या आणि गटारांच्या लायनींचं, आठवड्यातले तीन दिवस. अरुणा बसनं जाऊ लागली. कचेरीत पाचजण होते. कोपऱ्यात रेडिओ चाले. सगळे मान खाली घालून काम करत आणि पाचला “ओत्सुकारे-सामा”, दमलात हं, असं एकमेकांना म्हणून निघून जात. त्यांनी तिला कधी दुखावलं नाही, आणि कधी काही विचारलंही नाही. हातात पेन आलं होतं याचा तिला आनंद होता. पण बसच्या काचेला डोकं टेकवून परत येताना कुणाला काही सांगावं असं मनात दाटून यायचं, आणि घरी पोचेपर्यंत ते काय होतं हेच ती विसरून जायची.

इलियानाचं पत्र १९९६च्या एप्रिलमध्ये आलं. अरुणाच्या हाती लागलं तो रविवार होता, आलं होतं आदल्या दिवशीच, पण ते अवधूतच्या मासिकांत अडकलं होतं. इंग्रजीत, शाळेतल्या बाईंच्या गोल अक्षरांत चार पानं.

ती लुंकाला गेली होती. पेत्रू लुंकाच्या पोस्टात पत्रं निवडायचं काम करत होता, तेव्हा जपानहून आलेली ती नळी थेट त्याच्याच हातात पडली होती. त्यानं नकाशा पोस्टाच्या भिंतीवर लावला होता. पाची गावांची माणसं टपालाला आली की आधी आपापलं घर शोधायची. बोटं लावून लावून म्वाराच्या जागी कागदाला भोक पडायला आलं होतं. पहिले दोन दिवस पेत्रू तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पोस्ट बंद करून तो तिला नकाशापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, सात नाहीत, पाच. मेंढ्यांच्या वाड्याशी आणि फळीपाशी तूच दमायचीस, मी नाही. ‘मग आम्ही दोघं रडलो,’ इलियानानं लिहिलं होतं, ‘पण फार नाही. तो मला क्षमा करेल की नाही, मला माहीत नाही. उन्हाळ्यात पुन्हा ये, असं मात्र म्हणाला.’

अरुणानं पत्र दोनदा वाचलं. अवधूत समोर वरणभात जेवत होता, ताटाशेजारी मासिक उघडं.

“कुणाचं?” त्यानं विचारलं.

ती त्याला सांगू लागली. पाच गावं, त्रिकोण, भाऊ, ठिपके. त्यानं मासिक मिटलं. तो इतकं लक्ष देऊन ऐकतोय हे बघून ती मध्येच अडखळली आणि भलतंच बोलून गेली.

“अवधूत, मला इथे फार एकटं वाटतं.”

हे तिनं कधी उच्चारलं नव्हतं. तो खाली बघत राहिला. बोटांनी भाताची शितं गोळा करत राहिला. आता हा म्हणेल की वर्षभराचाच प्रश्न आहे, असं तिला वाटलं.

“मलापण,” तो म्हणाला. “लॅबमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही गं. चांगली आहेत माणसं, पण बोलत नाहीत. जेवायला मी पार्किंगच्या मागे एक बाक आहे तिथे जातो.”

“दोन वर्षं?”

“अडीच होतील.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तेरा-तेरा तास हा माणूस कुठल्या जगात असतो याचा तिनंही कधी विचार केला नव्हता. वरण निवलं होतं, ते तिनं गरम करायला घेतलं.

“ती रुमानियाची गावं,” अवधूत मागून म्हणाला, “ट्रेसिंग आहे ना अजून? बघू तरी.”

तिनं गॅस बारीक केला आणि कपाटावरची गुंडाळी काढायला खुर्ची ओढली.